शेजारच्या उडवीतली पिल्ले

कोंबड्या मोजायची वेळ मगरिबच्या अजानीच्या थोडी आधीची. दिवसभर त्या कोणाच्या परसात, कोणाच्या उकिरड्यावर, कोणाच्या वालाच्या शेतात फिरत असतात. तेव्हा कोणाची कोंबडी कुठे आहे हे सांगणे कठीण. सूर्य कलला की मात्र जिथली तिथे येते. खुराड्याच्या दाराशी उभ्या राहून आमच्या दादी एकेक कोंबडी आत जाताना मोजतात. दादी म्हणजे मुलांची दादी, पण आता सारी वाडीच त्यांना दादी म्हणते. आकडा जुळला की फळी लावायची आणि वुजूला बसायचे.

रोहा तालुक्यातल्या आमच्या वाडीत एक अलिखित कायदा आहे. गुरे घरच्या पुरुषाची, कोंबड्या घरच्या बाईच्या. हिंदू घरांत तसाच तो आमच्या घरांतही चालतो. अंड्यांचे पैसे डाळीच्या डब्यात पडतात, त्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. मुलांच्या वह्या, रमजानमधला सदका, माहेरी जायचे भाडे, सगळे त्या डब्यातून निघते. म्हणून एक कोंबडी कमी भरली की घरात नुसती हळहळ होत नाही, चौकशी होते.

बुटकी आमच्याकडे पेणहून आली. दादींचे माहेर पेणचे. तिथल्या नातलगांकडे लहान चणीच्या कोंबड्यांची एक ओळ पुष्कळ वर्षांपासून आहे. पाय आखूड, अंग गोळाबंद, वजन इतर गावठी कोंबडीच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि नजर मात्र कोतवालाची. पिशवीतून मान बाहेर काढून ती दिवा-रोहा गाडीने कासू, नागोठणे, निडी ही स्टेशने बघत आली. अशा ठेंगण्या कोंबड्यांना इंग्रजीत बँटम म्हणतात. हे नाव जावा बेटाच्या पश्चिम टोकावरच्या बांतेन बंदराचे. सोळाव्या शतकात तिथे मुस्लिम सल्तनत उभी राहिली, मिरीच्या व्यापारावर बंदर भरभराटीला आले, आणि तिथे येणाऱ्या युरोपी गलबतांनी मिरीबरोबर त्या चिमुकल्या कोंबड्यांचे नावही घेऊन जगभर नेले. आमची बुटकी खरी बँटम आहे की नुसतीच खुजी, हे सांगायला तिच्याकडे वंशावळ नाही. पण अंगात गुण सारे तेच. झाडावर चढणारी, कोणाला हात न लावू देणारी, आणि पिल्लांच्या बाबतीत हट्टी.

डिसेंबरच्या मध्यावर तिने खुराड्यात अंडी घालणे बंद केले. पहिल्या आठवड्यात दादींनी वाट पाहिली. दुसऱ्या आठवड्यात कणी थोडी वाढवली. मग त्यांनी निकाल दिला, "हिचे आता दिवस भरले." जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मस्कतहून पाहुणे यायचे होते, बुटकी त्यांच्या ताटासाठी ठरली. मोकळी चरणारी कोंबडी आमच्याकडे लगेच जबह करत नाहीत. तीन दिवस डालग्याखाली कोंडून तिला स्वच्छ दाणा-पाणी देतात, कारण बाहेर ती काय काय खाऊन आलेली असते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) कोंबडीला असे तीन दिवस कोंडून ठेवत, असे जुन्या ग्रंथांत नमूद आहे, आणि दादींच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहे. तर पाहुण्यांच्या आधी चार दिवस डालगे धुऊन वाळत घातले, आणि त्याच संध्याकाळी मोजणीत एक कमी भरली.

मुंगसाचे नाव घेतले गेले, रानमांजराचेही. कुठे पिसे सापडली नाहीत. पाहुण्यांसाठी रोह्याच्या बाजारातून कोंबडी आली आणि विषय मिटला. ते दिवस पोपटीचे. शेतात वालाच्या शेंगा भरलेल्या, बांधावर भांबुर्ड्याचा पाला माजलेला. मडक्यात पाला अंथरून शेंगा, मीठ, ओवा आणि गावठी अंडी घालायची, मडके उपडे करून भोवती जाळ करायचा. मुलांना पोपटीसाठी अंडी हवी होती. त्यांनी शेणीच्या ढिगामागे, लाकडांच्या मोळीखाली, माळ्यावर, सगळीकडे हात घालून पाहिले. शेजारच्या काकूंच्या उडवीपर्यंत मात्र कोणी गेले नाही. कुंपणापलीकडची जागा आपली नव्हे, हे मुलांना शिकवलेले आहे.

बुटकी त्याच उडवीत होती.

उडवी म्हणजे झोडलेल्या भाताच्या पेंढ्याची रास. भातकापणी झाली की ती रचतात आणि वर्षभर गुरांना त्यातूनच घालतात. काकूंची उडवी आमच्या कुंपणाला टेकलेली. तिच्या बुडाशी, आमच्या बाजूला, पेंढ्यांच्या दोन थरांमध्ये बुटकीने पोकळी केली होती. बाहेरून पाहिले तर उंदराचे बीळ वाटावे एवढेच तोंड.

कोंबडीचा हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ती एका दिवसात एकापेक्षा जास्त अंडी घालत नाही, बुटकीसारखी तर दिवसाआड. मग दहा-बारा दिवसांच्या अंतराने घातलेल्या अंड्यांतून पिल्ले एकाच दिवशी कशी निघतात? अंडे पडल्यावर आतला जीव थांबून राहतो. कोंबडी बसून ऊब देईपर्यंत तो वाढत नाही. थंडीच्या दिवसांत हे थांबणे चांगले साधते, कोकणच्या वैशाखात अंडी न उबवताच बिघडू लागतात. ढीग मनासारखा झाला की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे सोडून त्यांच्यावर बसते. छातीची पिसे झडून कातडी उघडी पडते आणि ती ऊब थेट अंड्यांना लागते. मग एकवीस दिवस. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे, ती उठते. खाते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि परत जाते. अंडी चोचीने फिरवत राहते, नाही तर आतले पिल्लू कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटते. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यांतून चिवचिव ऐकू येते आणि ती आतल्या आवाजाने उत्तर देते. चोचीच्या टोकावरच्या बारीक टोचणीने पिल्लू कवच फोडते. बाहेर पडायच्या आधीच उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला गेलेला असतो, त्यावर ते दोनेक दिवस काही न खाता राहू शकते. म्हणून मागे राहिलेल्यांची वाट पाहायला आईला सवड मिळते.

मोठ्या फार्मवरच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीला यातले काही येत नाही. खुडूक बसलेली कोंबडी अंडे देत नाही, म्हणून माणसाने निवडून निवडून तिच्यातली ती वृत्तीच काढून टाकली. आमच्या कोंबड्यांत रान अजून शिल्लक आहे. रोहा आणि मुरूड या दोन तालुक्यांत फणसाडचे अभयारण्य आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते, 1986 मध्ये अभयारण्य झाले. तिथे राखी रानकोंबडा अजून आरवतो, आणि त्याची मादी अशीच, जमिनीवर पाचोळ्यात, कोणाला न कळवता बसते. आपल्या पाळीव कोंबड्या मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातल्या. पण त्यांच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. बुटकीचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत.

जानेवारी संपत आला होता. काकू रोज उडवीच्या एका अंगाने पेंढा ओढत होत्या, आणखी आठवडाभरात त्या बुटकीच्या पोकळीपर्यंत पोहोचल्या असत्या. एका सकाळी काकूंचा नातू कुंपणावरून ओरडला, "दादी, तुमची बुटकी जिती हाय!" आम्ही सगळे धावलो. बुटकी उडवीतून बाहेर येऊन आमच्या परसाकडे चालली होती, अंग अर्धे झालेले, तुरा फिका पडलेला, पिसे फुगवलेली, आणि पायांशी नऊ पिल्ले. दादींच्या तोंडून माशाअल्लाह निघाले. मुलांनी दोनदा मोजले, दोन्ही वेळा नऊच.

मग काकू आल्या. त्या वाकून पाहत होत्या आणि मध्येच गप्प झाल्या. नऊपैकी दोन पिल्लांच्या मानेवर लव नव्हती. गळ्यापासून छातीपर्यंत गुलाबी कातडी, डोक्यावर तेवढी टोपी.

याचा अर्थ वाडीत सगळ्यांना कळत होता. त्या वर्षी पावसाळा सरता सरता काकूंच्या कोंबड्यांवर मानमोडी आली होती. या रोगात कोंबडीची मान पिळवटते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. पुस्तकी नाव राणीखेत. 1926 मध्ये तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला पहिल्यांदा ओळखला गेला. बँटमचे नाव आणि हा रोग, दोघांचे पत्ते जावाचेच, हा एक योगायोग. काकूंच्या चौदा कोंबड्या गेल्या. एक उघड्या मानेची तेवढी वाचली, तिची आई-आजीही काकूंकडच्याच, लग्नानंतर सासूने दिलेल्या कोंबडीपासूनची ती ओळ. डिसेंबरच्या अखेरीस एका रात्री तीही रानमांजराने नेली. काकूंनी रिकामे खुराडे धुऊन त्यात सरपण भरले होते.

आमच्याकडे उघड्या मानेची कोंबडी कधी नव्हती, आणि वाडीत तसा कोंबडाही नाही. उघडी मान आई किंवा बाप, एकाकडून आली तरी पिल्लात उतरते. म्हणजे मरण्याआधी काकूंची कोंबडी त्याच पोकळीत अंडी घालून गेली होती. कोंबड्या असे करतातच. जिथे अंडे दिसते तिथे अंडे घालावेसे वाटते.

मुलांनी पोकळीतली कवचे गोळा करून आणली. दादींनी ती सुपात मांडली. रुंद बाजूच्या टोप्या मोजल्या तर सहा लहान, पांढरट, आणि तीन मोठ्या, तपकिरी. एक लहान अंडे न फुटता राहिले होते. मोठी अंडी तीन आणि उघड्या मानेची पिल्ले दोन, तर तिसरे कोणते? बाकीच्या सातांत एक पिवळसर पिल्लू जरा दांडगे दिसत होते. मोठ्या अंड्याचे पिल्लूही मोठे असते. पण शपथ घेऊन सांगावे इतके ते मोठे नव्हते.

"तुमचे तुम्ही घ्या," दादी काकूंना म्हणाल्या.

"कोंबडी तुमची, एकवीस दिवस बसली ती. आमचं काय त्यात? उडवीचं भाडं घेऊ का आता?" काकू हसल्या, पण उघड्या मानेचे पिल्लू त्यांनी ओंजळीत उचलले होते आणि ते खाली ठेवायला त्यांनी बराच वेळ लावला.

दादींना त्या रात्री झोप नव्हती. दोन पिल्लांची किंमत ती काय, असे घरात कोणी म्हटले. दादींना किमतीशी देणेघेणे नव्हते. दुसऱ्याचे आपल्या खुराड्यात रात्री राहिले, एवढेच त्यांना टोचत होते. जुम्याच्या नमाजनंतर घरातल्यांनी मौलानांना विचारले. मौलाना हसले नाहीत, हे आम्हाला आवडले. त्यांनी सांगितले की हा प्रश्न फुकाहांनी शेकडो वर्षांपूर्वीच घेतलेला आहे. हनफी फिकहमध्ये, एखाद्याने दुसऱ्याचे अंडे बळकावून कोंबडीखाली उबवले तर पिल्लू त्याचे होते आणि अंड्याची भरपाई त्याने मालकाला द्यायची. शाफई मसलकात पिल्लू अंड्याच्या मालकाचेच. इथे कोणी काही बळकावलेले नाही, कोंबडीने आपल्या मर्जीने केले आहे. तेव्हा दोघींनी राजीखुशीने जे ठरवाल ते ठीक. पण आपण कोकणी लोक शाफई, म्हणून आधी हक त्यांचा माना आणि मग बोलणी करा.

बोलणी आमच्या ओटीवर झाली. काकूंनी गावची रीत काढली, अर्धेलीची. एकाचे जनावर, दुसऱ्याची राखण, पिल्ले निम्मी-निम्मी. तीन पिल्लांची निम्मी दीड होतात, हे मुलांनी लगेच सांगितले. शेवटी असे ठरले की उघड्या मानेची दोन्ही काकूंची आणि तिसरे, ते कोणते का असेना, बुटकीच्या मेहनतीचे. दादींनी काकूंकडून ते तोंडाने वदवून घेतले, "दिले." आपणही तोंडाने म्हणाल्या, "घेतले." काकूंना याची गंमत वाटली. आम्हाला वाटली नाही. शेजारधर्म तोंडातल्या तोंडात राहिला की पुढे त्याचे गैरसमज होतात.

पिल्ले लगेच नेण्याचा प्रश्न नव्हता. अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती वर फडफडू लागली. प्रेषित (स.) आले, हिला पिल्लांवरून कोणी दुःख दिले असे विचारले आणि पिल्ले परत करायला लावली. दादींनी ही हदीस काकूंना सांगितली. काकू म्हणाल्या, "सात-आठ आठवडे राहू दे की. आईखालचं पोर कोण काढतं?" तेव्हापासून ती दोन पिल्ले आमच्याकडे अमानत झाली.

अमानत म्हटल्यावर आमचे घर जागे झाले. मानमोडी काकूंचे खुराडे रिकामे करून गेली होती, म्हणून आठवड्याच्या आत लासोटा लस द्यायची ठरली. डोळ्यात एक थेंब, एवढेच काम. पण लसीची लहानात लहान कुपीही शंभर पिल्लांची असते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी शंभर थेंब! थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी रोह्याहून आणली आणि वाडीभर निरोप दिला. डालगी, टोपल्या, एका मुलाच्या शाळेच्या दप्तरातूनसुद्धा पिल्ले आली. ओटीवर चिवचिवाट इतका की फोनवर बोलता येईना. साठच्या वर पिल्लांना लस झाली. उरलेली दादींनी हळहळत टाकली.

बुटकी आई म्हणून कडक. कणी आधी स्वतः चोचीत घेऊन खाली टाकायची, आवाज करून पिल्लांना दाखवायची, स्वतः शेवटी खायची. कुत्रा अंगणात आला की एवढीशी कोंबडी त्याच्या तोंडावर धावायची. उघड्या मानेच्या दोघांना तिने कधी वेगळे धरले नाही. रात्री नऊही पंखांखाली. मावत नसत, तेव्हा दोन-तीन डोकी बाहेर राहत, आणि त्यांत गुलाबी मान कधी असे, कधी नसे.

फेब्रुवारीत घार आली. भर दुपारी, बुटकी ओरडली तेव्हा पिल्ले शेवग्याखाली पळाली, एक मागे राहिले. ते उघड्या मानेचे होते.

मुले रडली. दादी त्याच पावली कुंपणाशी गेल्या. अमानतीतली वस्तू राखणाऱ्याच्या हयगयीशिवाय गेली तर भरपाई लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते, तरी त्या म्हणाल्या, "ते पिवळे दांडगे तुम्ही घ्या."

"घारीनं काय मालकाचं नाव विचारून नेलं का?" काकू म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बरं, द्या." आम्हाला वाटते, त्यांनी ते दादींसाठी घेतले.

आता सारी ओळ एका पिल्लावर आली होती. ते कोंबडा निघते की कोंबडी, याकडे दोन्ही घरांचे लक्ष. सहाव्या-सातव्या आठवड्यात तुरा सांगतो. नराचा लाल आणि रुंद होऊ लागतो, मादीचा बारीक राहतो. काकू रोज कुंपणावरून बघत. तुरा बारीकच राहिला. ज्या दिवशी खात्री पटली त्या दिवशी काकूंनी खुराड्यातले सरपण बाहेर काढले.

मार्चमध्ये, रमजान सुरू असताना, दोन्ही पिल्ले पलीकडे गेली. तोवर बुटकीनेच पिल्लांना टोचून दूर करायला सुरुवात केली होती. नव्या जागी कोंबडीला आठ-दहा दिवस डालग्याखाली ठेवावे लागते, नाही तर ती रात्री जुन्या घरी जाते. काकूंनी तिसऱ्याच दिवशी सोडले. झाले, सूर्य कलला की उघड्या मानेची तलंग कुंपणातून आमच्या खुराड्यात. काकूंचा नातू तिला न्यायला यायचा तो बरोबर इफ्तारच्या वेळेला. एका काखेत कोंबडी, दुसऱ्या हातात खजूर आणि भजी. पंधरा दिवसांनी कोंबडी यायची थांबली. नातू ईदपर्यंत येत राहिला.

बुटकीचा तुरा पुन्हा लाल झाला आहे, म्हणजे ती अंडी घालते आहे. खुराड्यात एकही नाही. उडवी आता गुरांनी गुडघ्याएवढी आणली आहे. दादींनी काकूंना विचारून तिच्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. तिथेही काही सापडले नाही.